सोनवण्यांची शेगडी

परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेसातला यशवंत सोनवणे जागेवर नाहीत, असं बारा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. त्या दिवशी खुर्ची रिकामी होती आणि मला काळजी वाटायच्या आधी राग आला, हे सांगून टाकलेलं बरं. धाराशिवातल्या एका कॉलेजात मी संगणक शिकवते. नोकरभरतीच्या ऑनलाइन परीक्षा आल्या की तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या प्रयोगशाळांचं परीक्षा केंद्र होतं आणि केंद्रप्रमुखपद माझ्या गळ्यात पडतं. नेटवर्क आणि खोल्यांतले कॅमेरे सांभाळायचे सोनवणे. खाली फाटकापाशी भूम-परंड्याकडून पहिल्या एसटीनं आलेली मुलं हॉलतिकीट हातात धरून उभी होती आणि वर मी फोनवर फोन लावत होते. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलल्याबरोबर मी सुरूच झाले, "अहो भाऊ, आहात कुठं? मुलं आत सोडायची वेळ झाली..."  पलीकडून त्यांच्या पत्नीचा, वहिनींचा आवाज आला. "बाई, हे गेले. सकाळी उठवाया गेले तर..." मी काय बोलले ते आठवत नाही. एवढंच आठवतं की फोन खाली ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता कॅमेरे कोण बघणार. त्या विचाराची लाज मला अजून वाटते.

परीक्षा सोडून जाता येत नव्हतं. दोन्ही सत्रं पार पाडली, सह्या केल्या, पाकिटं सील केली आणि मग येडशीला त्यांच्या घरी गेले. तोवर सगळं आटोपलं होतं. अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती आणि वहिनी भिंतीला टेकून, कुणी पाणी दिलं तर घेत होत्या, नाही दिलं तर नाही. त्या दिवशी नऊ खोल्यांतल्या एकाही कॅमेऱ्याचं चित्र काळं पडलं नाही. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. चालतंय ते चालतंय, एवढंच.

खरं तर मला लिहायचंय ते आदल्या दिवसाबद्दल. आदल्या दिवशी दुपारी मी हजेरीपत्रकांचा गठ्ठा घेऊन जिना चढत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर सोनवणे पायरीवर बसले होते. एक हात कठड्यावर, कपाळाला घाम. मी पाहिलं. मला दिसलं. हा माणूस असा मध्येच बसणारा नव्हे, हेही मला ठाऊक होतं. पण त्यांना एकटं राहू दिलेलं आवडतं, उगाच चौकशी केली की संकोचतात, असं मी बारा वर्षांत ठरवून टाकलं होतं. आणि माझ्या डोक्यात बैठकव्यवस्था होती. "भाऊ, सातच्या खोलीतला कॅमेरा जरा वाकडा वाटतोय," एवढं म्हणून मी वर गेले. ते म्हणाले, "बगतो बाई." आणि खरंच थोड्या वेळानं कॅमेरा सरळ झालेला होता... त्यासाठी ते स्टुलावर चढले असणार.

माझा स्वभाव घाबरट. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की परत येऊन कुलूप ओढून पाहणार, गॅसचं बटण तीनदा बघणार. अशा बाईला परीक्षा केंद्र देणं म्हणजे मुळात थट्टाच. परीक्षेच्या आठवड्यात मी सोनवण्यांकडं दिवसातून दहा वेळा जायचे. वीज गेली तर? सर्व्हर बंद पडला तर? ते ऐकून घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "व्हतंय बाई समदं." त्या तीन शब्दांवर मी बारा वर्षं काढली. बोलणं तेवढंच. पूर्वी येडशीला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते चालेना तेव्हा प्रयोगशाळा सहायक म्हणून कॉलेजात आले आणि नेटवर्कचं काम पुस्तकं चाळून, तारा उपसून स्वतःच शिकले. माझे वडील तुळजापूरला अंथरुणाला खिळले होते ते सगळं वर्ष सोनवण्यांनी एकदाही "कसे आहेत?" म्हणून विचारलं नाही. तेव्हा मला ते लागलं होतं. फार उशिरा लक्षात आलं की त्या वर्षी माझं शनिवारचं प्रात्यक्षिक कायम त्यांनीच लावून ठेवलेलं असायचं आणि मी लवकर निघू शकायचे. विचारायचं नाही आणि आपण होऊन काही सांगायचंही नाही, असा माणूस.

त्यांची एकच हौस मला माहीत होती, वस्तूंवर नाव कोरून घ्यायची. येडशीच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणारा एक जण बसायचा. लग्नातल्या तांब्या-परातींवर जशी नावं असतात तशी सोनवण्यांच्या पकडीवर, टॉर्चवर, स्टीलच्या डब्यावर सगळीकडं ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं : य. सोनवणे, येडशी. "न्हायतर कालेजात वस्तू पाय फुटून जात्यात," म्हणायचे. टेबलाखाली एक जुनी पत्र्याची चपटी पेटी होती, कुठल्याशा बंद झालेल्या ऑफिसातून आणलेली. तिच्या पाठीवरही तेच नाव. ती कायम चालू आणि कायम गरम. सकाळी आल्या आल्या ते आपला डबा तिच्यावर ठेवायचे आणि दुपारी एक वाजता त्यातली भाकरी-भाजी ऊन ऊन निघायची. सगळं कॉलेज तिला सोनवण्यांची शेगडी म्हणायचं. मीही एकदा चिडवलं होतं, "भाऊ, सरकार प्रत्येक घरात गॅस देतंय आणि तुम्ही अजून शेगडीवरच!" ते हसले. म्हणाले, "तिचं काम निराळंय बाई." कसलं निराळं, हे मी विचारलं नाही. घंटा झाली होती.

तीन वर्षांपूर्वी परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे बसले तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. पहिल्याच सराव परीक्षेत सगळे संगणक गोगलगाईसारखे चालायला लागले. मुलं बटण दाबतायत आणि प्रश्न उघडतच नाही.  सोनवणे शांतपणे म्हणाले, "क्यामेऱ्याचं चित्र पायजे तीन ठिकाणी. तुमच्या कंट्रोल रूमला, रेकॉर्डिंगला आन् प्राचार्यांच्या केबिनात. पर ह्या स्विचला ठावंच न्हाय कुणाला पायजे. म्हनून त्ये समद्यांच्या पानात वाढत सुटलंय." स्विच म्हणजे तारा जिथं एकत्र येतात आणि जिथून प्रत्येक संगणकाकडं वाट फुटते ती पेटी. मग त्यांनी स्विचमधली एक सोय चालू केली. आता तो कान देऊन ऐकणार, ज्यानं मागितलं त्याच्याकडंच चित्र जाणार. संगणक मोकळे झाले. मी सुटकेचा श्वास टाकला, तो चार मिनिटंच टिकला. पाचव्या मिनिटाला माझ्यासमोरची सगळी चित्रं काळी. मी ओरडलेच असणार, कारण ते लगबगीनं आले. आणि मग मला आयुष्यात ऐकलेलं नेटवर्कचं सगळ्यात सोपं व्याख्यान मिळालं.

"बाई, आपल्याकडचा पाव्हणा पंगतीत कवा आपनहून मागतो का? न्हाय. बसल्यावर एकदा पान पुढं करंल, तेवढंच. मंग वाढप्यानं फिरून फिरून इचारावं लागतंय, भाजी कुणाला, भात कुणाला. इचारलं की हात वर व्हतोय. इचारलंच न्हाय, तर पाव्हणा उपाशी आन् आचाऱ्याला वाटतंय समद्यांची पोटं भरली. ह्यो आपला मोठा स्विच नुसता ऐकतोय, इचारत न्हाय. कुणी बोलंना म्हनल्यावर त्येनं वाढायचं बंद केलं." मी विचारलं, मग आता? ते म्हणाले, "इचारणारा बसवतो की." दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत झालं. इचारणारा म्हणजे काय बसवलं, हे मी पाहिलं नाही. संगणकातली एखादी सेटिंग असणार, असं मी धरून चालले. शिकवते मी संगणक, आणि ही माझी चौकसबुद्धी!

ते गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही काही जण येडशीला निघालो. आमच्याकडं रीत अशी की गेलेल्या माणसाचं ऑफिसातलं सामान कुणीतरी घरी नेऊन द्यायचं. घरच्यांना ते न्यायला यायला लावू नये. ते काम मी मागून घेतलं. जिन्यावरची ती दुपार मला छळत होती आणि काहीतरी हातून नीट व्हावं असं वाटत होतं. चष्मा, टॉर्च, पकडी, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली खोक्यात भरली. मग टेबलाखाली वाकले. शेगडीवर त्यांचं नाव होतं. म्हणजे ती त्यांचीच. तिला विजेची एक तार आणि मागं आणखी एक बारीक तार. दोन्ही मी स्वतःच्या हातानं काढल्या, फडक्यानं पेटी पुसली आणि खोक्यात सगळ्यात वर ठेवली. वहिनींना ते खोकं देताना मला खरोखर बरं वाटलं होतं.

पुढची मोठी परीक्षा दोन आठवड्यांनी होती. तोवर कॅमेरे बंदच होते. आदल्या दिवशी सकाळी सराव घेतला. नऊ खोल्या, नऊ चित्रं, सगळं छान. मी चहाचा कप उचलला आणि चित्रं काळी झाली. एकापाठोपाठ एक, जणू कुणी खोल्यांतले दिवे मालवत जातंय. कॅमेरे बसवणाऱ्या कंपनीतल्या माणसाला फोन लावला. तो पुण्यात. म्हणाला, स्विचमधली ती ऐकण्याची सोय बंद करून टाका. केली. चित्रं आली आणि सगळे संगणक अडले. परत चालू केली. संगणक पळायला लागले, आणि चार मिनिटं वीस सेकंदांनी चित्रं काळी. मी घड्याळ लावून चारदा पाहिलं. दर वेळी तेवढंच. प्राचार्य येऊन मागं उभे राहिले. "मॅडम, चित्र तुटलं की निरीक्षक पेपर थांबवतात. खोलीच्या खोली बाद होते. मुलांनी दोन-दोन वर्षं अभ्यास केलाय..." हे मला सांगायची गरज होती का? फाटकापाशी उभी राहणारी ती पोरं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आणि हे सगळं झालं तर त्यांना कुणी सांगणार नाही की यात तुमची काही चूक नव्हती.

एवढं कळलं होतं की चित्र बंद करून पुन्हा उघडलं की ते येतं, पुढच्या चार मिनिटांपुरतं. मग मी वेड्यासारखा हिशेब मांडला. नऊ चित्रं, दर चार मिनिटांनी हातानं बंद-उघड, तीन तास. शिवाय रेकॉर्डिंगचं यंत्र, शिवाय प्राचार्यांची केबिन. करून पाहिलं. पाचव्या फेरीला सहावी खोली सुटली. मी कपाळाला हात लावून बसले आणि सवयीनं शेजारच्या खुर्चीकडं वळून म्हणाले, "भाऊ..." खुर्ची रिकामी. टेबलाखालीही रिकामं. फरशीवर पेटीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन, भोवती धूळ, आणि भिंतीतून आलेली ती बारीक तार तशीच लोंबत होती. बंद करून उघडणं म्हणजे पाहुण्यानं पुन्हा पान पुढं करणं. पाहुणे सगळे जागेवरच होते. कुणीच फिरून विचारत नव्हतं. विचारणाऱ्याला मी पुसून, खोक्यात घालून घरी पोचवला होता.

लातूरच्या गाडीनं येडशीला उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. रस्ताभर एकच धाकधूक. द्यायला गेलेली वस्तू परत कशी मागायची? तीही अशा घरातून? वहिनी एकट्याच होत्या. पुढच्या खोलीत बुद्धमूर्तीशेजारी सोनवण्यांचा फोटो, आणि फोटोपुढं पाटावर पांढरं फडकं अंथरून ती पेटी. पेटीवर त्यांचा डबा. मी तिथंच थबकले. वहिनींनी ते पाहिलं. "सारखं म्हनायचे, कालेजात माज्या डब्याला शेगडी हाय, तू काळजी करू नकू, ऊन खातोय म्या. म्हनून ठिवलंय तसंच. पर ही ऊन न्हाय व्हत बाई. रोज हात लावून बगते. गारच."

मी चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलले. परतीच्या गाडीची वेळ होत आली तरी मी पेटीचा विषय काढला नव्हता. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "बाई, काय बोलायचंय ते बोला. मगापासून नुसता पदर पिळायलाव." आणि मी पेटीबद्दल बोलायच्या ऐवजी जिन्याबद्दल बोलले. सगळं सांगितलं. पायरी, घाम, कठड्यावरचा हात, वाकडा कॅमेरा. "मी बघितलं होतं वहिनी. मी त्यांना विचारलं नाही." रडू आवरेना. वहिनींनी फोटोकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "म्या तरी कुठं इचारलं? संध्याकाळी आल्यापास्नं छाती चोळत व्हते. म्हनलं, ग्यास झाला आसंल. पडा म्हनलं घडीभर." पुढं म्हणाल्या, "इचारलं आसतं तर सांगितलं आसतं त्येंनी. इचारलं की सांगायचे. आपनहून कवाच न्हाय."

मग मी त्यांना पेटीचं काम सांगितलं. त्यांच्याच नवऱ्याच्या शब्दांत, पंगत, पाहुणे, आचारी, वाढपी. ही दर दोन मिनिटांनी सगळ्यांना विचारते की चित्र कुणाला हवंय, आणि म्हणून ते चालू राहतं. उद्या मुलांची परीक्षा आहे. वहिनी उठल्या. डबा उचलला, पेटी त्याच पांढऱ्या फडक्यात बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली. वर डबाही दिला. "ह्यो बी न्या. हितं गार पडलेलं बगवंना मला. तुमी तुमची भाकर घालत जा त्यात." मी म्हटलं, परीक्षा झाली की परत आणून देते. त्या म्हणाल्या, "कशाला? चालू हाय तवर चालू द्या."

परतीच्या गाडीत ती पेटी मी तान्ह्या मुलासारखी धरून बसले होते. खड्डा आला की मी ती मांडीवरून उचलून धरायचे. तारा लावल्या, दिवा लागला, चित्रं उघडली आणि घड्याळ समोर ठेवलं. चार मिनिटं. चार वीस. पाच मिनिटं. दहा मिनिटं झाली तरी मी घड्याळावरची नजर काढली नव्हती. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पाणी घ्या." दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. मुलं आली, पेपर दिला, गेली. त्यांना काहीच कळलं नाही, आणि सोनवण्यांना तेच आवडलं असतं.

आता नवा मोठा स्विच मंजूर झालाय. तो ऐकतोही आणि विचारतोही, असं माहितीपत्रकात लिहिलंय. या वेळी मी ते दोनदा वाचून खात्री केलीय. तो आला की परीक्षेची भिस्त त्याच्यावर. पण टेबलाखालची ही पेटी मी काढणार नाही. जुनी झालीय. आतला पंखा मधूनच खरखरतो आणि मी हातातलं काम सोडून ऐकत राहते. सकाळी आल्या आल्या मी आधी वाकून तिच्यावर हात ठेवते, मग पर्स टेबलावर. एखाद्या दिवशी ती गार लागेल, तेव्हा काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कारण रोज दुपारी एक वाजता वहिनींचा फोन येतो. बोलणं फार नसतं. "बाई, ऊन हाय का?" मी डब्यावर हात ठेवून सांगते, "ऊन आहे वहिनी." पूर्वी मी तिथंच फोन ठेवून दिला असता. आता ठेवत नाही. विचारते, "आणि तुम्ही? तुम्ही जेवलात का?"



"न्हाय बाई," त्या म्हणतात. "आता बसते."